गाडी निघते तेव्हा खाली काय चालतं

विजेवरच्या गाडीचे निघतानाचे पहिले काही सेकंद मला फार आवडतात. दारं लागतात, ब्रेक सुटल्याची हवा फुस्स करून जाते आणि पायाखालून एक सूर उठतो. चढत जातो, मधेच धपकन खाली येतो, पुन्हा चढायला लागतो. शेजारच्याला विचारावं तर तो खात्रीने सांगतो, "गिअर बदलतोय." या गाड्यांत बदलायला गिअरच नसतात, हे सांगूनही त्याला पटत नाही. मोटर आणि चाकांची आस यांच्यामध्ये दातेरी चाकांची एकच ठरलेली जोडी असते. गाडी फलाटावरून सरकत असताना तीच, आणि ताशी ३०० किलोमीटरने धावत असतानाही तीच.

मग तो सूर कशाचा? वीज कापण्याचा. डब्याच्या पोटाखाली टांगलेल्या एका पेटीत इन्व्हर्टर असतो. त्यातले स्विच सेकंदाला काहीशे ते काही हजार वेळा उघडझाप करतात आणि डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेतून तीन फेजची (एकीमागून एक येणाऱ्या तीन लहरींची), हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी, म्हणजे पुन्हा पुन्हा दिशा बदलणारी वीज घडवतात. प्रत्येक उघडझापीबरोबर मोटरमधल्या प्रवाहाला बारीकसा हिसका बसतो, त्याने मोटरच्या बाहेरच्या स्थिर भागाचं, म्हणजे स्टेटरचं लोखंड थरथरतं, आणि ती थरथर आपल्याला सूर म्हणून ऐकू येते. वेग वाढेल तशी मोटरला जास्त फ्रिक्वेन्सीची वीज द्यावी लागते. जुने स्विच फार भराभर चालू शकत नसत, म्हणून एका आवर्तनाचे किती तुकडे पाडायचे हा आकडा वेगाबरोबर कमी करत न्यावा लागे: समजा २७, मग १५, मग ९, ५, ३. आकडा बदलला की सूर खाली येतो आणि नव्याने चढू लागतो. लोकांना जो गिअर वाटतो तो हा.

जपानमध्ये केइक्यू कंपनीने १९९८ साली २१०० मालिकेच्या गाड्या आणल्या, तेव्हा त्यांतल्या सीमेन्सच्या इन्व्हर्टरचे हे टप्पे मुद्दाम स्वरांत बसवलेले होते. गाडी सुटली की खालून चक्क सरगम वाजायची. लोक तिला 'दो-रे-मी-फा इन्व्हर्टर' म्हणायचे. ऑस्ट्रियाच्या टाउरुस इंजिनांतूनही सुटताना अशीच चढती स्वरमाला निघते. केइक्यूची सरगम २०२१ मध्ये संपली, कारण जुन्या इन्व्हर्टरच्या जागी नवे आले, आणि नव्यांतले स्विच इतके चपळ असतात की टप्प्याटप्प्याने गाण्याची त्यांना गरजच पडत नाही. तांत्रिकदृष्ट्या ही प्रगतीच. मला मात्र त्या इंजिनिअरांचं कौतुक वाटतं. आवाज टाळता येत नाही, तर निदान सुरात तरी लावू, असं त्यांना वाटलं असणार.

मी जमेल तेव्हा मोटर असलेल्या डब्यातच बसतो. बरोबरच्यांना तो नुसता जास्त आवाज करणारा डबा वाटतो, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही. पण त्या आवाजामागे एका मोटरची सुमारे नव्वद वर्षांची ताटकळ आहे. रेल्वेसाठी उत्तम मोटर माणसाला १८८९ सालीच मिळाली होती. तिला ताब्यात ठेवायचं साधन मात्र १९७० च्या दशकात हाती आलं. आजच्या प्रवासी गाडीत जे काही सुखाचं आहे, धक्का न बसता निघणं, चढावर न दमणं, थांबताना वीज परत देणं, ते बहुतेक सगळं या उशिरा हाती आलेल्या ताब्यातून निघालं आहे.

सुरुवात अर्थात दुसऱ्याच मोटरने झाली. १८७९ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या औद्योगिक प्रदर्शनात वेर्नर फॉन सीमेन्स यांनी ३०० मीटरच्या गोल रुळांवर एक चिमुकली विजेची गाडी फिरवली. इंजिनावर चालक स्वार होऊन बसायचा, मागे बाकांचे तीन डबे, आणि दोन रुळांच्या मधल्या पट्टीतून १५० व्होल्टची वीज. वेग भराभर चालणाऱ्या माणसाएवढा. तरी चार महिन्यांत ८०,००० हून जास्त लोक तिच्यात बसून आले.

तिथून पुढे जवळजवळ शंभर वर्षं रेल्वेवर डीसी मोटरने राज्य केलं, आणि तसं करायचा तिला हक्कही होता. सिरीज जोडणीच्या डीसी मोटरचा स्वभावच गाडीला मानवणारा आहे. चाक थांबलेलं असतं तेव्हा तिचा जोर सगळ्यांत जास्त, आणि वेग वाढेल तसा जोर आपोआप उतरत जातो. उभी गाडी हलवायला नेमकं हेच लागतं. अडचण अशी, की थांबलेल्या मोटरला पूर्ण व्होल्टेज सरळ जोडलं तर ती जळेल. मग मधे रोधक घालायचे आणि गाडी वेग घेईल तसे एकेक काढत जायचे. जुन्या गाड्या निघताना जे लहान लहान हिसके द्यायच्या ते या पायऱ्यांचे. या पद्धतीत वेग घेताना ओढलेल्या विजेतली जवळजवळ अर्धी वीज रोधक तापवण्यात जायची. मोटर आधी एकीमागे एक आणि मग समांतर जोडून ती नासाडी कमी केली गेली, पण रोधक काही सुटले नाहीत.

दुसरी अडचण कम्युटेटरची, म्हणजे फिरणाऱ्या भागात वीज पोचवून तिची दिशा पालटत राहणाऱ्या भागाची. एका संग्रहालयात उघडून ठेवलेली जुनी ट्रॅक्शन मोटर मी जवळून पाहिली आहे. गोल फिरणाऱ्या नळकांड्यावर तांब्याच्या शेकडो अरुंद पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा कागदासारखा थर, आणि त्यावर स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बनचे ब्रश. तांब्यावर ब्रश घासून घासून चॉकलेटी रंगाची झिलई चढली होती. ती झिलई एकसारखी असणं हे निरोगी मोटरचं लक्षण मानत. कुठे ती काळी पडली, कुठे पट्टीची कड जळलेली दिसली, की मोटर काढून कारखान्यात न्यायची. ब्रश झिजून त्यांची पूड आत सगळीकडे बसायची, वेग वाढला की ठिणग्या वाढायच्या, आणि फारच बिनसलं तर एका ब्रशपासून दुसऱ्यापर्यंत जाळ गोल फिरून जायचा. गाडीच्या खाली, धुळीत, पावसात, रुळांच्या धक्क्यांत इतकं नाजूक यंत्र वर्षानुवर्षं चालवलं, त्या डागडुजी करणाऱ्यांना खरोखर मानलं पाहिजे.

या ब्रशचा एक परिणाम तर अजून शिल्लक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांना आपल्या गाड्या एसी विजेवर चालवायच्या होत्या. पण ५० हर्ट्झच्या विजेवर कम्युटेटरच्या मोटरी भयंकर ठिणग्या उडवत. म्हणून त्यांनी रेल्वेसाठी एक तृतीयांश, म्हणजे १६ पूर्णांक दोन तृतीयांश हर्ट्झची वेगळीच वीज ठरवली, १५,००० व्होल्टवर. स्वीडन आणि नॉर्वेही त्याच वाटेने गेले. आता तिथल्या नव्या गाड्यांत ब्रश औषधालाही नाहीत, मोटरीला बाहेरची फ्रिक्वेन्सी कोणती आहे याच्याशी काही देणंघेणं उरलेलं नाही, तरी ती वेगळी वीज, तिची वेगळी उपकेंद्रं, तिचे कमी फ्रिक्वेन्सीमुळे बोजड झालेले ट्रान्सफॉर्मर हे सगळं तसंच चालू आहे. हजारो किलोमीटरच्या तारा एकदा टांगल्या की त्या उतरवायच्या कुणी?

फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धानंतर दुसरा रस्ता धरला: घरात येते तीच ५० हर्ट्झची वीज, फक्त २५,००० व्होल्टवर. आज नव्या मार्गांवर जगभर बहुतेक हीच असते. हिशेब सोपा आहे. ८ मेगावॅट ताकदीच्या गाडीला १,५०० व्होल्टवर ५,३०० अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल. २५,००० व्होल्टवर तेच काम ३२० अँपिअरमध्ये होतं. तार बारीक चालते, उपकेंद्रं लांब लांब ठेवता येतात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली गाडी धावली ती १,५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. पुढे त्या सगळ्या तारा २५,००० व्होल्टवर नेण्याचं काम २०१६ पर्यंत चाललं, तेही रोजची वाहतूक चालू ठेवून.

आता त्या ताटकळलेल्या मोटरकडे येतो.

१८८८ मध्ये इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणारी मोटर जगापुढे मांडली. पुढच्याच वर्षी मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी तिला तीन फेजचं आणि पिंजऱ्याच्या रोटरचं, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाचं, रूप दिलं. हा रोटर पाहिला की विश्वास बसत नाही इतका साधा आहे. लोखंडी चकत्यांच्या गठ्ठ्यात बसवलेले तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे दांडे, आणि दोन्ही टोकांना त्यांना एकत्र बांधणारी दोन कडी. बस्स. ब्रश नाहीत, कम्युटेटर नाही, फिरणाऱ्या भागाला बाहेरून जोडलेली एकही तार नाही. झिजायला बेअरिंगखेरीज काही नाही. बाहेरच्या तीन गुंडाळ्यांतून तीन फेजची वीज सोडली की आत चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागतं, त्या फिरण्याने दांड्यांत प्रवाह निर्माण होतो आणि रोटर क्षेत्रामागे धावू लागतो. त्याने क्षेत्राला कधी गाठायचं मात्र नाही. गाठलं तर दांड्यांत प्रवाहच उरणार नाही आणि जोरही संपेल. म्हणून तो कायम एक-दोन टक्के मागे राहून धावतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात.

तिची खोड एकच. तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेला. वीज ५० हर्ट्झची असेल तर मोटर जवळजवळ एकाच वेगाने फिरणार. पिठाच्या गिरणीला ते चालतं. गाडीला शून्यापासून सुरुवात करायची असते.

तरीही लोकांनी प्रयत्न केले, आणि मला ते प्रयत्न यशस्वी ठरलेल्या कित्येक गोष्टींपेक्षा जास्त आवडतात. बुडापेस्टच्या गान्झ कंपनीचे काल्मान कांडो यांनी १९०२ मध्ये इटलीच्या वाल्तेलिना खोऱ्यातली रेल्वे तीन फेजवर चालवली. ३,००० व्होल्ट, १५ हर्ट्झ. डोक्यावर दोन तारा आणि तिसरी फेज रुळांतून. जिथे रूळ एकमेकांना छेदत तिथे वरच्या दोन तारा एकमेकींना लागू न देणं ही डोकेदुखी, आणि वेग ठरलेले मोजके. मधला वेग हवा असेल तर तो मिळायचा नाही. पण उतारावर ही गाडी चमत्कार करायची. गाडीच्या वजनाने रोटर क्षेत्राच्या पुढे जायला लागला की मोटर आपसूक जनरेटर व्हायची, वीज तारेत परत जायची आणि ती समोरून चढणाऱ्या गाडीला मिळायची. कुठलाही स्विच फिरवावा लागत नसे. इटलीतल्या तीन फेजच्या रेल्वे पुढे १९७० च्या दशकापर्यंत टिकल्या, यावरून ही खोडकर मोटर किती कामाची होती ते कळतं.

१९०३ च्या ऑक्टोबरमध्ये तर बर्लिनजवळ मारिएनफेल्डे ते त्सोसेन या लष्करी मार्गावर तीन फेजच्या मोटरी लावलेल्या एका डब्याने ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला. विमान अजून उडायचं होतं. (राइट बंधूंचं पहिलं उड्डाण त्याच वर्षी डिसेंबरात झालं.) म्हणजे ताकद होती, वेग होता. नव्हता तो बारीक ताबा. फ्रिक्वेन्सी हवी तशी, हवी तेव्हा, गाडीतल्या गाडीत बदलता आली असती तर विसाव्या शतकाचा रेल्वेचा इतिहास वेगळा झाला असता. ती बदलायला सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करणारा, शेकडो अँपिअर पेलणारा स्विच हवा होता, आणि तो तांब्या-लोखंडाचा असून भागणार नव्हतं.

तो सिलिकॉनचा निघाला. आधी थायरिस्टर, मग गेटने बंदही करता येणारा जीटीओ, मग आयजीबीटी. पश्चिम जर्मनीत १९७९ मध्ये १२० क्रमांकाची इंजिनं आली. मुख्य मार्गावरची, तारेवरून वीज घेऊन तीन फेजच्या पिंजऱ्याच्या मोटरींवर चालणारी पहिली मोठी विजेची इंजिनं ही. ताकद ५,६०० किलोवॅट. वजनदार मालगाडीही ओढायची आणि वेगवान प्रवासी गाडीही, दोन्ही एकाच इंजिनाने. डीसीच्या जमान्यात त्यासाठी गिअरच्या वेगवेगळ्या गुणोत्तरांची दोन इंजिनं लागायची.

आज गाडीच्या पोटात विजेचा प्रवास साधारण असा होतो. पेंटोग्राफ, म्हणजे छतावरचा तारेला टेकणारा हात, २५,००० व्होल्टची वीज गाडीत घेतो, ट्रान्सफॉर्मर ते काही हजारांवर किंवा त्याहून खाली आणतो, एक कन्व्हर्टर त्याची डीसी करतो, ती डीसी मोठ्या कपॅसिटरांत थोडा वेळ विसावते, आणि तिथून इन्व्हर्टरचे सहा स्विच तिच्यातून मोटरला हवी तशी वीज कापून काढतात. एसीची डीसी करून पुन्हा एसी करणं हा उलटा घास वाटेल. पण मधल्या त्या डीसीमुळे बाहेरची फ्रिक्वेन्सी आणि मोटरची फ्रिक्वेन्सी यांचं नातं तुटतं. बाहेर ५० हर्ट्झ असोत, १६.७ असोत, नाहीतर सरळ ३,००० व्होल्ट डीसी असो, मोटरला त्याचा पत्ता लागत नाही. युरोपात सीमा ओलांडून जाणाऱ्या गाड्या याच जोरावर एका दिवसात तीन-चार प्रकारच्या तारांखालून जातात.

आणि ब्रेक. यात मला अजूनही नवल वाटतं. गाडी ओढायची असेल तर इन्व्हर्टर क्षेत्राला रोटरच्या किंचित पुढे ठेवतो. गाडी थांबवायची असेल तर तोच क्षेत्राला रोटरच्या किंचित मागे आणतो. एवढाच फरक. मोटर तीच, तारा त्याच, फिरण्याची दिशा तीच. कोण पुढे आणि कोण मागे यावर ठरतं की वीज गाडीत येणार की गाडीतून जाणार. कांडोंच्या गाडीला हे उतारावर ठराविक वेगाला जमत होतं. आताच्या गाडीला ते जवळजवळ थांबेपर्यंत जमतं. डीसी तारेखाली मात्र एक गोची असते: परत दिलेली वीज घ्यायला जवळपास दुसरी गाडी नसेल आणि उपकेंद्र ती मागे घेऊ शकत नसेल, तर तारेतलं व्होल्टेज चढतं आणि गाडीला उरलेला ब्रेक हवेच्या जोरावर लावावा लागतो. एसीवरच्या आधुनिक गाड्या ती वीज सरळ मुख्य जाळ्यात लोटू शकतात.

ताब्याची खरी परीक्षा चाकाखाली असते. पोलादी चाक पोलादी रुळाला टेकतं ती जागा जेमतेम एक चौरस सेंटिमीटरची, बोटाच्या नखाएवढी. सगळी गाडी अशा काही डझन नखांवर चालते. कोरड्या रुळावर पकड बरी असते, पण पहिला पाऊस पडला, गळलेली पानं चिरडली गेली, की ती तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याखाली येते. डीसीच्या जुन्या गाडीत चाक घसरलं की मोटर आणखीच वेगाने पळायची. चालकाने हँडल मागे घेऊन पुन्हा सुरुवात करायची. पिंजऱ्याच्या मोटरचा स्वभाव इथेही उपयोगी पडतो: रोटर क्षेत्राच्या जवळ जायला लागला की जोर आपोआप उतरतो. त्यावर कंट्रोलर प्रत्येक आसेचा वेग सतत मोजत असतो आणि जोर एवढाच ठेवतो की चाक अगदी किंचित घसरत राहील, कारण सगळ्यांत चांगली पकड त्या किंचित घसरण्यातच मिळते. ओल्या रुळावरून भरलेली गाडी निघते तेव्हा सूर बारीक कंप पावतो, तो या दुरुस्त्यांचा.

वरची बाजू तितकीच नाट्यमय आहे, पण तिकडे कुणी बघत नाही. पेंटोग्राफच्या माथ्यावर कार्बनची पट्टी असते. तार तिच्यावर घासत जाते. कार्बन मुद्दाम मऊ, कारण झिजायचं तर पट्टीने झिजावं, तारेने नव्हे. आणि तार सरळ टांगलेली नसते. एका खांबाशी ती रुळाच्या मध्यापासून वीसेक सेंटिमीटर डावीकडे, पुढच्या खांबाशी तितकीच उजवीकडे. तशी नसती तर पट्टीत एकाच जागी खाच पडली असती. गाडीतून जाताना हे नागमोडीपण दिसत नाही. फलाटावर उभं राहून तारेच्या रेषेत लांब नजर टाकली की लगेच दिसतं.

पेंटोग्राफ तारेला खालून रेटतो, तेव्हा तारेतून एक लाट पुढे जाते, अंगणात ताणून बांधलेल्या दोरीला एका टोकाला हिसका दिल्यावर जाते तशी. १२० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार २० किलोन्यूटन ताणावर बांधली तर ही लाट ताशी ४९० किलोमीटरच्या आसपास धावते. गाडी त्या वेगाजवळ जाऊ लागली की लाट पेंटोग्राफच्या पुढे पळू शकत नाही, तार उसळते, संपर्क तुटतो. फ्रान्समध्ये ३ एप्रिल २००७ रोजी ताशी ५७४.८ किलोमीटरचा विक्रम झाला तेव्हा म्हणूनच तारेचा ताण आधी बराच वाढवावा लागला होता. व्होल्टेजही २५,००० वरून ३१,००० वर नेलं होतं. म्हणजे तिथवर मोटरींनी हात टेकले नव्हते. आधी तारेलाच समजवावं लागलं.

मधे मधे तारेत न्यूट्रल सेक्शन येतो. दोन बाजूंच्या तारांना वेगवेगळ्या फेजची वीज असते, त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून ठेवलेला तो वीज नसलेला तुकडा. जुन्या गाड्यांत तिथे दिवे मिणमिणायचे, पंखे मंदावायचे. नव्या गाडीत काहीच कळत नाही. त्या काही सेकंदांत मोटरी गाडीच्या गतीतून चिमूटभर वीज काढतात आणि दिवे, पंखे, वातानुकूलन त्यावर चालवतात. गाडीचा वेग तेवढ्यापुरता किंचित उतरतो. तो कुणाच्या लक्षात येत नाही.

मोटरी कुठे लावायच्या, यावर जग दोन तटांत उभं राहिलं. फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागोच्या साउथ साइड एलिव्हेटेड रेल्वेवर दाखवलं होतं की प्रत्येक डब्याला स्वतःच्या मोटरी देता येतात आणि पुढच्या डब्यातल्या एका हँडलवरून, बारीक प्रवाहाच्या तारेने, सगळ्यांना एकाच वेळी हुकूम सोडता येतो. लिफ्ट चालवण्याच्या कामातून त्यांना हे सुचलं होतं. १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो ते ओसाका शिंकान्सेन ही वेगवान गाडी सुरू झाली ती याच वाटेने. प्रत्येक आसेला १८५ किलोवॅटची मोटर, जड इंजिन कुठेच नाही. फ्रान्सने टीजीव्ही या आपल्या वेगवान गाडीत दोन टोकांना इंजिनं ठेवली. (पहिल्या नमुन्यात तर गॅस टर्बाइन होतं. १९७३ च्या तेलसंकटाने तो विचार सोडायला लावला.) जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाडीने टोकांच्या इंजिनांनी सुरुवात केली आणि तिसऱ्या पिढीत मोटरी डब्यांखाली नेल्या. वंदे भारतमध्येही निम्म्या डब्यांखाली मोटरी आहेत. वजन सगळीकडे वाटलं जातं, जास्त चाकं ओढू लागतात, ब्रेकच्या वेळी जास्त चाकं वीज परत देतात. डीसी मोटरीने हे करणं म्हणजे प्रत्येक डब्याखाली झिजणाऱ्या ब्रशचा संसार मांडणं. जपानने तो मांडला आणि निभावलाही. पण १९९२ मध्ये ३०० मालिकेत पिंजऱ्याच्या मोटरी आणि अ‍ॅल्युमिनियमचे हलके डबे आल्यावर आसेवरचा भार पहिल्या मालिकेच्या १६ टनांवरून ११ टनांच्या आसपास आला, हे पाहिलं की ब्रश जाण्याने काय काय गेलं ते कळतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती वाद घालताना उपयोगी पडते. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनातही चाक फिरवते ती विजेची मोटरच. डिझेल फक्त जनरेटर फिरवतं. जर्मनीत २०१८ पासून प्रवासी सेवेत आलेल्या हायड्रोजनच्या गाडीतही शेवटी तेच, आणि बॅटरीवरच्या गाडीतही. वीज कुठून येते एवढंच बदलतं. इन्व्हर्टरच्या पुढचा सगळा भाग जवळजवळ सारखाच.

सध्याचा वाद चुंबकांचा आहे. रोटरमध्ये पिंजऱ्याऐवजी निओडिमियमचे कायमचे चुंबक बसवले तर मोटर लहान होते, हलकी होते, आणि रोटरमध्ये प्रवाह वाहवायला लागत नसल्यामुळे तापते कमी. तोक्यो मेट्रोने अशा गाड्या मोठ्या संख्येने घेतल्या, फ्रान्सच्या २००७ च्या विक्रमी गाडीतही काही मोटरी याच जातीच्या होत्या. कागदावर ही मोटर जिंकते. पण चुंबकाला सुट्टी नसते. गाडी नुसती गतीवर घरंगळत असली तरी फिरणारे चुंबक व्होल्टेज तयार करत राहतात आणि त्याचा बंदोबस्त करावा लागतो. शिवाय ही मोटर क्षेत्राबरोबर तंतोतंत फिरते, मागे-पुढे अजिबात नाही, त्यामुळे प्रत्येक मोटरला स्वतंत्र इन्व्हर्टर द्यावा लागतो. पिंजऱ्याच्या चार मोटरी एकाच इन्व्हर्टरला जोडता येतात. चाकं झिजतात, आणि सगळी सारखी झिजत नाहीत. एकाचा व्यास दुसऱ्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर कमी असतो, तेवढं ते जास्त फेरे घेतं, आणि तो फरक स्लिपमध्ये मुरून जातो.

पैज लावायची झाली तर मी अजून काही काळ पिंजऱ्यावरच लावीन. सिलिकॉन कार्बाइडचे नवे स्विच आले आहेत, त्यांत वीज कमी वाया जाते आणि ते आणखी भराभर उघडझाप करतात, त्यामुळे जुन्या मोटरलाही जास्त मऊ, कमी हिसक्यांची वीज मिळते. २०२० च्या जुलैमध्ये सेवेत आलेल्या एन७००एस शिंकान्सेनमध्ये हेच केलं. स्विच सिलिकॉन कार्बाइडचे, पेट्या इतक्या आटोपशीर की ट्रान्सफॉर्मर आणि कन्व्हर्टर एकाच डब्याखाली मावले, बाहेरची वीज गेली तर गाडी थोडं अंतर स्वतः सरकू शकेल अशी लिथियम बॅटरीही बसवली. मोटर मात्र पिंजऱ्याचीच ठेवली, फक्त चारऐवजी सहा ध्रुवांची आणि आधीपेक्षा हलकी.